ओल्या वाळूतली खळी

"जरा भाईर बगा, मास्तर."

असं म्हणून तो उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या हिरव्या कापडावर टेकवायचा. क्यूच्या, म्हणजे बॉल मारायच्या काठीच्या, टोकाला खडू लावून लावून तो अंगठा कायमचा निळसर झाला होता. जिथे टेकायचा तिथे काहीच नसायचं. लाल बॉल तिथून दोन बोटं पलीकडे. पण खेळणाऱ्याने बघायचं ते त्या रिकाम्या जागेकडे, असं त्याचं म्हणणं.

क्लबात सगळे त्याला मार्करच म्हणत. बिलियर्डच्या टेबलाची निगा राखायची आणि खेळणाऱ्यांचे गुण फळ्यावर मांडायचे, हे मार्करचं काम. इंग्रज साहेब अलिबाग सोडून गेले तेव्हा टेबल आणि मार्कर दोघेही मागे राहिले. मी शाळेत शिकवत असे आणि संध्याकाळी क्लबच्या पुस्तकांचं कपाट सांभाळत असे. कपाट टेबलाच्याच खोलीत होतं, म्हणून आमची ओळख.

आपल्याजवळच्या वस्तूचं दुखणं ज्याला आधी कळतं, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. खाऱ्या हवेने टेबलाचं कापड ओलसर झालं की तो कोळशाची इस्त्री घेऊन त्यावरून फिरवायचा, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने. त्याचा स्वतःचा सदरा मात्र मी कधी इस्त्रीचा पाहिला नाही.

तो कोळीवाड्यातला. चारही भाऊ होड्यांवर. हा एकटाच किनाऱ्यावर, कारण समुद्रावर गेला की त्याला ओकाऱ्या होत. "कोल्याचा पोर आनि दर्या बाधतो," असं भावजया त्याच्या तोंडावर म्हणत. तोही हसे. "म्हनून तर हितं हाय," तो मला एकदा म्हणाला. "ह्ये टेबल डोलत न्हाय."

बिलियर्डला तीन बॉल लागतात, एक लाल, एक पांढरा आणि एक ठिपक्याचा पांढरा. एका हिवाळ्यात त्यातला पांढरा तडकला. बॉल हस्तिदंताचे होते, कोरड्या वाऱ्याने असं होतं. नवा मुंबईहून आणायचा ठरला आणि तो आणायला मार्करलाच पाठवलं. क्लबचे सेक्रेटरी वकील होते. त्यांच्यासमोर उभा राहून मार्करने विचारलं,

"नमुन्याला यक बॉल न्हेऊ का, साहेब?"

"क्लबची वस्तू क्लबाबाहेर जाणार नाही. बिलियर्डचा बॉल द्या म्हणून सांग. दुकानदाराला कळतं."

हे बोलणं झालं तेव्हा मी कपाटाशी होतो.

रेवसच्या धक्क्यावरून लाँचने तो गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला, चेहरा पांढराफटक. जातायेता ओकत होता, पण रुमालात बांधलेला बॉल मुठीतून सोडला नव्हता. त्याने तो टेबलावर इतर दोघांशेजारी ठेवला, आणि न मोजताच सगळ्यांना कळलं. नवा बॉल नखभर मोठा होता.

"हा काय आणलास? हा मोठा आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मोठा न्हाय, साहेब. ही दोन बारीक झाल्यात."

खरं होतं ते. हस्तिदंताचे बॉल वेडेवाकडे झिजतात, मग ते कातून, म्हणजे वरून तासून, पुन्हा गोल करतात. आमचे दोनदा कातलेले होते. नवा बॉल आपल्या मूळ मापाचा होता. पण पाचपन्नास लोकांच्या क्लबात, चहाच्या वेळी, खरं बोलायची ती रीत नव्हती. सेक्रेटरींचे कान लाल झाले.

मग खेळ बिघडला. दोन खेळाडूंपैकी एकाच्या वाट्याला मोठा बॉल यायचा, दुसऱ्याच्या वाट्याला ठिपक्याचा जुना. हरलेला माणूस नेहमी मोठ्या बॉलने खेळलेला असे. नेहमीच्या नेमाने तो मारला की लाल बॉलवर जाड बसायचा, म्हणजे कडेऐवजी मध्याजवळ लागायचा, आणि लाल बॉल हवा तितका न वळता पॉकेटच्या अलीकडेच आपटायचा. महिनाभरात सेक्रेटरींनी सभेत सांगून टाकलं, की मार्करने निकामी बॉल आणला, टेबल जागा अडवतं, तेव्हा टेबल विकावं आणि मार्करलाही निरोप द्यावा. नमुन्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. मार्करनेही काढली नाही. मीही नाही.

मार्कर दाराशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "ह्या बॉलनं खेलता येतं, साहेब. मी शिकवतो."

"तू खेळशील रे. सभासदांनी काय करायचं?" सेक्रेटरींनी खोलीभर पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या जाड चष्म्यावर थांबली. "या मास्तरांना शिकव. रविवारी सकाळी. याच मोठ्या बॉलने पाचांत चार वेळा लाल घातला तर टेबल राहील, तूही राहशील."

सगळे हसले. मी आयुष्यात क्यू हातात धरला नव्हता.

सहा दिवस मिळाले. पहिल्या दिवशी मी कपाटातलं बिलियर्डचं इंग्रजी पुस्तक काढून त्याला त्यातली आकृती दाखवली. आपल्या बॉलचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर धरायचा, असं तिथे होतं. त्याने आकृती बराच वेळ पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं.

"ह्ये दोन सारखं हायती," तो म्हणाला. "आपलं न्हायती. उद्या सकाली ओहोटीला या."

ओहोटीला तो वाळूत उकिडवा बसला होता, जवळ दोन नारळ. एक सोललेला, एक सालासकट. खेकड्याचं एक बीळ त्याने पॉकेट म्हणून पसंत केलं. सोललेला नारळ लाल बॉल म्हणून पुढे ठेवला आणि त्याच्या मागे, बिळाच्या बरोबर रेषेत, दुसरा सोललेला असता तर कुठे टेकला असता ते बोटाने दाखवलं. मग त्याच रेषेत सालाचा मोठा नारळ टेकवून तो वाळूत दाबला आणि उचलून घेतला. ओल्या वाळूत खळी राहिली.

"बगा. मोठ्याची खली लांब पडते. ह्या खलीत बॉल न्ह्यायचा. त्या नारलाकडं बगायचंच न्हाय."

"आणि टेबलावर खळी कुठून आणायची?"

"ती डोल्यानं पाडायची, मास्तर."

शनिवारपर्यंत मला ती दिसायला लागली. हिरव्या कापडावर, लाल बॉलच्या अलीकडे, जरा बाहेर. पाचांत चार, कधी पाचही. मार्कर खूश होऊन टेबलाला दुसऱ्यांदा इस्त्री करी.

रविवारी खोली भरली होती. सेक्रेटरी स्वतः बॉल मांडत होते. पहिला गेला. दुसरा गेला. कुणीतरी "वा मास्तर!" म्हणालं. तिसरा पॉकेटच्या कडेवर थरथरला आणि आत पडला. चौथ्याला माझा हात घामाने घसरला, तो चुकला. आता एक राहिला होता, आणि सगळं त्याच्यावर होतं. मार्कर भिंतीशी उभा होता, निळा अंगठा मुठीत दाबून.

मी वाकलो तेवढ्यात सेक्रेटरी हळूच म्हणाले, "पुस्तकात काय सांगितलंय, मास्तर?"

काय सांगावं तुम्हाला! जन्मभर मी पुस्तकांवर भिस्त ठेवलेली. खळी पुसली गेली आणि तिच्या जागी ती आकृती आली, दोन सारखी वर्तुळं. मी लाल बॉलच्या कडेकडे पाहिलं आणि मारलं. आवाजावरूनच कळलं, जाड बसला. लाल बॉल पॉकेटच्या अलीकडे टेबलाच्या काठाच्या गादीला लागला आणि पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला.

मार्कर पुढे आला, त्याने तिन्ही बॉल फडक्याने पुसले, टेबलावर आच्छादन घातलं, चारही कोपरे सारखे ओढले. खोलीची चावी आच्छादनावर ठेवली. माझ्या जवळून जाताना म्हणाला, "बॉलकडं बगितलंत, मास्तर." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढची वर्षं तो मासळीच्या वाळवणावर बायकांबरोबर बसून सुकट निवडायचा. मी त्या बाजूने जाणं टाळायचो. एकदोनदा गाठ पडलीच, तर तो लांबून हात करायचा. नमुन्याची गोष्ट सांगायला मी त्या सभेत उठलो असतो तर, हा विचार माझ्या मनात किती वेळा आला, ते मी त्याला कधी बोललो नाही.

तो गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. कोळीवाड्यात गेलो. त्याची बायको दाराशी बसली होती. मी नाव सांगण्याआधीच तिने माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

"तुमीच व्हय मास्तर? तुमचं लय सांगायचे. मास्तरांनी तीन घातलं, म्हनायचे. चष्मा लावून, पाचांत तीन. सा दिवसांत शिकवलं मी, म्हनायचे."

"राहिलेल्या दोनांचं?"

"ते काय न्हाय बोलले."

ओट्यावर नारळ पडले होते. मी एक सोललेला आणि एक सालाचा मागितला. तिने दोन्ही निवडून हातात दिले.

ओहोटी लागली होती. खेकड्याचं बीळ शोधलं, सोललेला नारळ ठेवला, मोठा त्याला टेकवून वाळूत दाबला आणि उचलला. खळी राहिली. तिच्यात तळातून हळूहळू पाणी झिरपू लागलं. ती काठोकाठ भरेपर्यंत मी उभा होतो, आणि नारळाकडे पाहिलं नाही.