पडताळणीला आलेला साक्षीदार

लेकीच्या लॅपटॉपवर आलेला तो मजकूर मी चार वेळा वाचला. ‘अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नाहीत. दिलेल्या व्यक्तींमार्फत ओळख पटली नाही.’ ज्या लातुरात मी पंचवीस वर्षं मुलांना फिजिक्स शिकवलं, जिथं बाजारात निघालो की जुने विद्यार्थी वाकून नमस्कार करायचे, तिथूनच माझी ओळख पटत नसल्याचा कागद आला होता. लेक म्हणाली, “बाबा, मनाला लावून घेऊ नका, नुसतं तांत्रिक आहे.” मी मान हलवली. मनात मात्र आलं, ओळख पटली नाही हेच बरं झालं.

पत्नी गेली, त्यानंतर माझी हृदयाची शस्त्रक्रिया झाली. एकुलत्या एक लेकीनं मला मेलबर्नला आणलं आणि कायम तिथंच ठेवायचं ठरवलं. त्यासाठी त्या सरकारला माझ्या देशाच्या पोलिसांचा दाखला हवा होता, की या माणसावर कुठलाही गुन्हा नाही. अर्ज तिथल्या आपल्या भारतीय कचेरीत द्यायचा. तो पासपोर्टवरच्या पत्त्यानुसार लातूरच्या ठाण्याकडे जातो. ठाण्यातलं कुणीतरी घरी येऊन बघतं, आसपासचे दोन जण ‘हे इथलेच, आम्ही ओळखतो’ म्हणून सही करतात आणि अहवाल वर जातो. मी ज्या दोन शेजाऱ्यांची नावं दिली, त्यातले एक वारले होते, दुसरे मुलाकडे पुण्याला गेले होते. लेकीनं विनंती करून फेरतपासणी मिळवली. या वेळी जमलं नाही तर फाईल बंद, आणि माझा पाहुणा म्हणून राहायचा व्हिसा महिन्याभरात संपत होता. मग लातूरच्या कुलूपबंद घरात एकट्यानं राहणं आलं. डॉक्टरांनी त्याला साफ नकार दिला होता.

लेक रोज धीर द्यायची. “तुमच्यावर कसली केस असणार? तुम्ही तर कधी सिग्नलसुद्धा तोडला नाहीत.” तिला माहीत नव्हतं, आणि तिच्या आईलाही मी कधी सांगितलं नव्हतं. आता सगळं क्रमानं लिहितो.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी औसा तालुक्यात एका शाळेवर शिक्षक होतो. शाळेच्या दोन खोल्यांत मदतीचं सामान ठेवलं होतं. शाळेत लिंबाजी नावाचा रोजंदारीवरचा शिपाई होता, तरुण, कामाला वाघ, आणि कायम होण्याच्या बेतात आलेला. सामानातल्या काही ताडपत्र्या गेल्याचा बोभाटा झाला आणि संशय त्याच्यावर आला. एका दुपारी मधल्या सुट्टीत पोलीस ठाण्याचे एक जमादार शिक्षकांच्या खोलीत आले. कागद लिहून तयार होता. लिंबाजीच्या घराची झडती पंचांसमक्ष घेतली आणि ताडपत्र्या मिळाल्या, असा पंचनामा होता. जमादार म्हणाले, “सर, सरकारी माणूस पायजे पंच म्हणून. एक सही ठोका.” मी विचारलं, “घरी जायचं ना आधी?” ते हसले. “कशाला उन्हात येताव? मी जाऊन आलोय की.” मी पेपर तपासत होतो. हातातला लाल पेन खाली ठेवला, खिशातला निळा काढला आणि सही केली. आमच्याकडे मास्तर मंडळी अशा सह्या नेहमीच करायची. साहेब घाईत असायचे, आम्हीही घाईत असायचो, आणि ती खोटी साक्ष आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

पुढं साक्षीसाठी कोर्टाचं बोलावणं आलं. मी घाबरलो. एका सहकाऱ्यानं सांगितलं, पंचनाम्यावरून फिरलात तर खात्याची चौकशी लागेल. माझी लातूरला ज्युनिअर कॉलेजवर नेमणूक व्हायची होती. पिंजऱ्यात उभं राहून मी शपथ घेतली आणि ‘झडती माझ्यासमोर झाली’ असं म्हणालो. लिंबाजीच्या वकिलानं विचारलं, “घरात याच्या सासुरवाडीची, भूकंपातून वाचलेली माणसं होती. ताडपत्र्या त्यांना त्यांच्या गावात वाटपात मिळाल्या होत्या. ती माणसं तुम्हाला दिसली का?” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी त्या दिवशी शंभर पावलं चाललो असतो तर खरं काय ते डोळ्यांनी दिसलं असतं. कोर्टात सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “आठवत नाही.” लिंबाजीला सहा महिने शिक्षा झाली. शाळेतली जागा तर गेलीच.

मी लातूरला आलो आणि काही वर्षांतच क्लासेसची लाट आली. मुखेड, मुरुड, उदगीर, कुठून कुठून मुलं यायला लागली. माझ्या तासाला बाकं पुरेनात. दोन मजली घर झालं. लिंबाजीही पोट भरायला लातुरातच आला होता. एका हॉस्टेलवर रखवालदाराची जागा त्याला मिळत आली होती, पण मालकानं पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला आणि तो त्याला मिळाला नाही. तो मालक माझ्या ओळखीचा होता. मला म्हणाला, “माणूस भला वाटला हो, पण ठाण्याचा कागदच नाही.” मी चहा पीत होतो. पीतच राहिलो. मग लिंबाजी आणि त्याची बायको काशीबाई यांनी आमच्या मागच्या बाजूला मुलांसाठी मेस काढली. सायकलला डबे अडकवून तो दिसला की मी स्कूटर दुसऱ्या गल्लीत घालायचो. अशी कितीतरी वर्षं गेली.

आम्ही मूळचे मुखेडचे, कुलस्वामिनी माहूरची रेणुका. मी दरवर्षी गडावर जायचो. तिथं देवीचं नुसतं मुख आहे, गाभाऱ्यात गेलं की नजरेला नजर भिडतेच. मी कपाळ टेकवायचो आणि मागच्या रांगेचं कारण सांगून पटकन बाहेर पडायचो. लोकांना मी फार धार्मिक वाटायचो. खरं म्हणजे मी तिच्यापुढं कधी दोन मिनिटंही थांबलो नव्हतो. मेलबर्नला लेकीनं तिचा छोटा फोटो खिडकीपाशी ठेवला होता. फेरतपासणी मंजूर झाल्यापासून मी रोज सकाळी मागत होतो, आई, एवढा कागद येऊ दे. एके दिवशी हात जोडले आणि मागणंच सुचेना. कोणत्या तोंडानं मागतोयस, असं वाटलं. मी नुसता बसून राहिलो. लेक म्हणाली, “बाबा, आज पूजेला वेळ लागला.” मी म्हणालो, “आज झालीच नाही.”

त्याच दुपारी फोन आला. लातूरला तेव्हा सकाळ होती. “हॅलो, मेलबर्नवालं सर का? मी ठाण्यातून बोलतेय, पडताळणीवाली. तुमच्या दारात उभी हाय. कुलूप पार गंजलंय की ओ.” आवाज तरुण होता. समोरच्या इमारतीत सगळी हॉस्टेलची मुलं; ‘आम्ही औंदाच आलोय’ म्हणून त्यांनी हात वर केले होते. पोलीस बाई वैतागली होती. “पलीकडची गल्ली नालीसाठी खोदून ठेवलीय, सगळी रहदारी इकडून. कुणाला विचारावं तेच कळंना. थांबा, एक मामा डबे घेऊन येऊन राहिलेत.” फोन चालूच होता. लेकीनं तो टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“ओ मामा, ह्या घरच्या सरांना वळखता का?”

“वळखतो की.”

“किती वर्षांपासून?”

“भूकंपाच्या बी आधीपासून.”

तो आवाज मी ओळखला.

“मग सही करताव का हितं?”

“करतो. पर बाई, पहिलंच सांगतो, मागून तुमाला तरास नको. माझ्यावर केस झालेली हाय. सहा म्हैने आत होतो.”

“अरे देवा. मग मामा, पहिलंच बोलायचं ना!”

“पहिलंच तर बोलून राहिलो.”

बाई हसली. मग मला म्हणाली, “सर, ह्या मामाची सही आमचं साहेब घ्यायचं न्हाईत. दुसरं कोण सांगा लवकर.” मला दुसरं नाव आठवत होतं. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार मला चांगले ओळखायचे. ते नाव घेतलं असतं तर काम झालं असतं, आणि तेच घ्यायला मी तोंड उघडलं. पण निघालं ते वेगळंच. “बाई, त्यांच्या केसमध्ये पंच मी होतो. झडतीला मी गेलोच नव्हतो. कोर्टात मी खोटं बोललो. तो माणूस निर्दोष आहे.” हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. समोर बसलेली लेक माझ्याकडे बघतच राहिली.

मग बाई हळू म्हणाली, “सर, तुम्ही कुणाशी बोलून राहिलात ते कळतंय का? मी ड्युटीवर हाय.”

“म्हणूनच बोलतोय.”

“असं फोनवर चालत न्हाई. लेखी द्या.” मग तिकडं वळून, “मामा, ऐकलं का?”

लिंबाजी म्हणाला, “ऐकलं. डबे गार व्हायलेत माझे.” मग फोनजवळ येऊन तो म्हणाला, “सर, तुमी ह्या घरात राहात होता हे मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून सही करतो म्हनलं. दुसरं काय मनात आणू नका.”

त्या बाईनं स्वतःच फिरून औषध दुकानदार आणि गिरणीवाले यांच्या सह्या घेतल्या. बारा दिवसांनी दाखला आला, माझ्यावर कोणताही गुन्हा नोंद नाही. ते खरंच होतं. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दाखला फाईलला जोडला, लातूरला वकिली करणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीचा नंबर माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “जा बाबा. औषधं मी महिन्याची बांधून देते.” ज्या घरात एकट्यानं राहायची मला भीती होती, त्याच घराचं कुलूप मी तेल घालून उघडलं.

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, एवढ्या वर्षांनी अपील करायला उशीरमाफीचा अर्ज लागेल, निकालाची खात्री नाही, आणि तुम्ही खोटी साक्ष कबूल केलीत तर तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. मी होकार दिला. पण अपील लिंबाजीचं, सही त्याची लागणार. मी मेसवर गेलो. काशीबाई चुलीपाशी होत्या. मला बघून उठल्या नाहीत. “तवा कोर्टात म्हनलाव आठवत न्हाई. आता कसं आठवलं?” लिंबाजी म्हणाला, “अगं, त्यांना बसू तर दे.” “बसा की, खुर्चीला कोण न्हाई म्हणतंय? माझी माय त्या ताडपत्रीवर निजायची. पोलिसांनी तिला उठवून खालून वढून नेली. हे आठवतंय का सरांना?” मी म्हणालो, “नाही बाई. मी तिथं नव्हतोच.” त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. ती तव्यावर टाकून त्या नवऱ्याला म्हणाल्या, “कर सही. पर ह्यांच्यासाठी नगं, मायसाठी कर.”

कोर्टानं माझा जबाब पुन्हा घ्यायचं मान्य केलं. शपथ घेऊन मी सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, “हे सांगण्यासाठी तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?” मी म्हणालो, “नाही, साहेब.” त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं होतं, अर्जानंतर कुठलं प्रकरण सुरू झालं आहे का. “बाबा, काय लिहू?” मी म्हणालो, “झालं ते सगळं लिही.” ती म्हणाली, “मग कदाचित तुम्हाला इथं येता येणार नाही.” मी म्हणालो, “हो, कदाचित.”

देवीनं काय केलं आणि योगायोगानं काय झालं, हे मला सांगता येणार नाही. गल्ली महापालिकेनं खोदली होती, म्हणून लिंबाजी त्या दिवशी माझ्या दारावरून आला. मी मागितला होता कागद, आणि तो तिनं दिलाही. पण ज्या क्षणी मी माझ्या सोयीचं नाव घ्यायला तोंड उघडलं, त्या क्षणी तिनं माझं ऐकलं नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. आता रोज हात जोडतो तेव्हा काही मागत नाही. कुठं राहायचं, किती दिवस, कोणाजवळ, ते मी तिच्यावर सोडलं आहे. लेकीची आठवण येते, रात्री छातीत धडधडतं, पण झोप लागते.

उद्या पुढची तारीख आहे. लिंबाजीला डबे पोचवून यायला उशीर होतो, म्हणून वकीलबाईंनी पुकारा दुपारनंतर व्हावा अशी विनंती केली आहे. मी मात्र सकाळीच जाऊन बसणार आहे.