खाणीच्या गेटवर पराग गप्प बसला

पराग परवा नागपुरात गेला आणि मला त्याचा प्रचंड राग आलाय.

ग्रुपवर दोन दिवस RIP आणि हात जोडलेले इमोजी पडतायत. 'किती हसतमुख होता.'
हो, होता ना. त्या हसतमुखपणानेच घात केला.

काल त्याच्या बायकोला, वैदेहीला फोन केला. बोलता बोलता ती म्हणाली, "तुम्ही दोघं नेवाडाला गेलात, तेव्हा त्याची नोकरी जाऊन पाच आठवडे झाले होते."

मी म्हटलं, काय?

तिला वाटत होतं मला माहीत आहे. कुणाला सांगितलं नसेल तरी मला सांगितलं असेल.

अमेरिकेतल्या व्हिसाची भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नोकरी गेली की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळा. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधलं घर, मुलीची शाळा, सगळं.

आणि हा बाबा मला म्हणाला होता, "चल बे, रोड ट्रिप करू. खाणी पाहू."

मी जर्सी सिटीहून, तो डेट्रॉइटहून, असे वेगासला उतरलो. मला वाटलं, दोन दिवस तरी वेगास. कसलं काय! एअरपोर्टवरून गाडी घेतली आणि थेट उत्तरेकडे.

चार दिवस नुसतं वाळवंट. मैलोन् मैल गॅस स्टेशन नाही, सिग्नल नाही, झाड नाही. मधेच एखादं उठून गेलेलं गाव, अर्धी घरं फळ्या ठोकून बंद. मग अख्खा डोंगर पोखरलेली खाण, तारेचं कुंपण आणि गेट.

परागने मायनिंग इंजिनिअरिंग केलेलं. मग आपल्या सगळ्यांसारखा सॉफ्टवेअरमध्ये घुसला. मला वाटलं, जुनं प्रेम उफाळून आलंय.

रोज इस्त्रीचा फुल शर्ट, लेदरचे बूट. त्या उन्हात! मी म्हटलं, "मुलगी बघायला निघालायस का?" नुसता हसला.

दर गेटवर "पाच मिनिटं थांब बे" म्हणून फोल्डर घेऊन ऑफिसात जायचा. मी एसी लावून गाडीत चरफडत. पहिल्या दोन ठिकाणांहून लगेच परत आला. म्हणाला, आत बघायला सोडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मात्र एक बाई त्याच्याशी बोलत बोलत गाडीपर्यंत आली. डोक्यावर हेल्मेट, बुटांवर धूळ. तिथली मॅनेजर. ब्लास्टिंगवर गप्पा चालल्या होत्या. तो इतका खुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तिने विचारलं, "मग परत मायनिंगमध्ये यायचंय का तुला?"

आणि मी, अतिशहाणा, काच खाली करून ओरडलो, "हा? छे! मिशिगनमध्ये प्रिन्सिपल इंजिनिअर आहे हा! आम्ही फक्त फिरायला आलोय."

आपली घाणेरडी सवय. परका माणूस दिसला की आपल्या माणसाचं डेझिग्नेशन त्याच्या तोंडावर फेकायचं.

ती हसली. "मग मजा करा," म्हणाली आणि वळली.

परागने चकार शब्द काढला नाही.

दहा पावलांवर होती यार ती! मागे पळायचं, सांगायचं, हा मूर्ख काहीही बरळतोय. मला चार शिव्या घालायच्या. तर हा गाडीत बसला आणि म्हणाला, "चल, भूक लागली."

महिन्याभरात कळलं, हा कायमचा परत जातोय. "आईला बरं नसतं," म्हणाला.

मी फोनवर तासभर झापलं. ग्रीन कार्डची रांग सोडून कोण जातं? मुलीचं वाटोळं करतोयस. पळपुटा आहेस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. परवा हार्ट अटॅक.

काल मी वैदेहीला विचारलं, "त्या बाईचं काही सांगितलं होतं त्याने?"

"हो," ती म्हणाली. "म्हणाला, तो इतक्या कौतुकाने सांगत होता गं, मला त्याला खोटं पाडवेना."

पाडायचं होतंस, गाढवा.

माझं काय गेलं असतं? पाच मिनिटं तोंड पडलं असतं. तुझं घर राहिलं असतं.

'पळपुटा' हा शब्द मी मागे घेतो. तुला फोन करून घ्यायला हवा होता, ते जमलं नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर.

जा पराग. राग आहे, राहील. तुला माझी श्रद्धांजली.