पोळ्याचा रंग लागलेली गाडी

बाईनं गाडी घेताना फक्त रंग बघावा, असं माझ्या भावाचं मत आहे. बारामतीत अब्बांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. भाई गल्ल्यावर बसायचा आणि मी मागं पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा लावून ठेवायचे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की कान देऊन ऐकायचे. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींची दुखणी मला तेव्हापासून पाठ आहेत, आणि त्यातली एक आपल्या नावावर असावी ही हौसही तेव्हाचीच. पन्नाशी ओलांडल्यावर ती बोलून दाखवली, तर घरातले सगळे हसले.

"फसून येशील," भाई म्हणाला, "मग परत गाडीचं नाव काढू नकोस."

बरं, म्हटलं. घेईन तर तीच, आणि फसणारही नाही.

बावड्याला एका ऊसवाल्या आबांकडं तशी गाडी निघाली. भाई कार काढून सोबत आलाच. अंगणात पोचलो तर गाडी स्टँडवर आधीच चालू. "बघा की मालक, कशी हाय!" आबा भाईला म्हणाले. माझ्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बंद करा, आबा," मी म्हणाले. "गार होऊ द्या."

गरम इंजिन कुणीही चालू करतं. गाडीचा खरा स्वभाव गार इंजिनाच्या किकलाच कळतो. चहा झाला, पुन्हा चहा झाला. भाई लाजून मोबाइलात तोंड खुपसून बसला. मी कामाला लागले. टाकीत टॉर्च मारून गंज शोधला. पुढचा ब्रेक धरून हँडल दाबलं, शॉकअपमधून तेल येतंय का पाहिलं. अंगणात पाणी ओतून गाडी त्यातून सरळ ढकलली. मागच्या चाकाचा ओला पट्टा पुढच्याच्या पट्ट्यावरच उमटला, म्हणजे चासी वाकलेली नव्हती. मग किक मारली. दुसऱ्या किकला उठली. थोडा निळा धूर आला, तो या गाड्यांना यायचाच. पांढऱ्या धुराचे लोट येत राहिले असते तर मी तिथूनच परत फिरले असते.

गाडी मनात भरली होती. राहिला चासी नंबर. तो हँडलखाली, गाडीच्या मानेवर असतो, पण तिथं ऑइलपेंटचा जाड थर होता. वर लाल, टवका उडालेला तिथं निळा, त्याखाली गुलाबी.

"आबा, हा रंग काढावा लागंल."

आबांचा चेहरा उतरला. "बैलं इकली तवापास्नं पोळ्याला शिंगांचा रंग हिलाच लावतुया. त्यो काढायचा न्हाय. चोरीची हाय का काय आमची गाडी?"

"ऱ्हाऊ द्या आबा, तिला काय कळतंय!" भाई लगेच म्हणाला. "तुमचा शब्द हाय न्हवं, बास."

माझं डोकंच फिरलं. "शब्दावर गाडी नावावर होत न्हाय, भाई. नंबर कागदाशी जुळला तर घ्यायची, न्हायतर न्हाय." असं म्हणून मी कारकडं चालू लागले. डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण ती गाडी मला हवीच होती. पण मागं वळून बघितलं नाही.

"बाई बराबर बोलतीया," मागून आबांच्या बायकोचा आवाज आला. घरातून थिनरचा डबा आणि फडकं आणून त्यांनी आबांच्या हातात दिलं. आबा घासत बसले. लाल गेला, निळा गेला, गुलाबी बराच वेळ चिवटपणानं राहिला. मग एकेक आकडा वर आला. मी मोठ्यानं वाचत गेले आणि भाई आरसी बुकात बघत गेला. सगळे जुळले.

किल्ली आबांनी भाईपुढंच धरली. मी मधेच हात घालून घेतली.

पुढच्या पोळ्याला मी तीच गाडी घेऊन बावड्याला गेले, भाईला मागं बसवून. आबा रंगाचे डबे घेऊन ओट्यावर वाटच बघत होते. ब्रश लालमध्ये बुडवून ते गाडीच्या मानेपाशी आले आणि थांबले. सांगायला भाईनं तोंड उघडलं, पण आबा माझ्याकडं बघत होते.

"मालकीणबाई," ते म्हणाले, "नंबर तेवढा सोडून लावू न्हवं?"