इंजिनाची थरथर

माझा हात थरथरतो हे बायकोनं पहिल्यांदा बोलून दाखवलं, तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो. चहा थोडा बशीत सांडला होता, एवढंच.

"दिसभर टेम्पो चालवतो मी," मी म्हणालो. "इंजिन मिसिंग मारतंय, आख्खी केबिन हालती. हात काय दगडाचं हायेत व्हय?"

हे मी तिला गप्प करायला बोललो नव्हतो, मला ते मनापासून पटलेलं होतं. आम्ही ड्रायव्हर लोक असेच. पाठ गेली की गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना शिव्या घालायच्या, कान गेले की सायलेन्सरला. स्वतःच्या अंगाला दोष देणारा ड्रायव्हर मी अजून पाहिलेला नाही.

ती मात्र मागेच लागली. "डॉक्टरला हात दाखवा. तवर गाडीला शिवू नका." म्हणजे काय करू? तीस वर्षं गाडीखेरीज मी काही केलेलं नाही. आता तिकोणा पेठेतून गुलाबाच्या पेट्या भरतो आणि तळेगावला पोचवतो. घरी नुसतं बसवलं तर आठ दिवसांत भिंतीशी भांडेन. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडतो.

शेवटी मीच म्हणालो, "प्लग बदलतो. इंजिन गप झालं की हातबी गप. न्हाई झाला, तर तू म्हणशील तितं येतो."

"बघा हां. शब्द दिलाय तुमी."

रविवारी पेट्या पोचवून सकाळी नऊलाच बेडशाला घरी आलो. सीट उचललं, खालून इंजिनाची धग तोंडावर आली. इथं घाई चालत नाही. गरम इंजिनातून प्लग ओढला तर भोकाचे, म्हणजे हेडचे, आटे घेऊनच बाहेर येतो. मला सगळं ठाऊक होतं, पण बसवत नव्हतं. टायर धुतले. धुतलेले टायर परत धुतले. कुत्र्याला उगाच हाकललं, ते लांब जाऊन माझ्याकडे बघत बसलं.

"अर्धा तास झाला का?"

"धा मिंटं झाली," तांदूळ निवडता निवडता बायको म्हणाली.

एकदाचं इंजिन निवलं. सायकलच्या पंपानं प्लगाभोवतीची धूळ उडवली, कारण एक खडा आत पडला तर संपलंच. वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीला चिकटपट्टी लावून आकडे टाकले. पाना लावला. पहिला प्लग कुरकुरत सुटला. त्याचं टोक पार झिजलेलं, गॅप दुपटीनं वाढलेला. मीटर पावणेतीन लाखांवर गेलंय, प्लग बिचारा काय करणार! मी तो बायकोच्या नाकासमोर नाचवला.

"हे बघ. ह्यो हाय रोग."

तिनं तांदळातला एक खडा वेचून टाकला.

नवा प्लग मी थेट पान्यानं कधीच बसवत नाही. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा, प्लगाचं डोकं त्यात खुपसायचं आणि दोन बोटांनी फिरवायचं. आटा वाकडा लागला तर नळीच घसरते, हेड वाचतं. तीन प्लग असे बसले. चौथा अगदी मागे, पत्र्याला लागून. तिथं नळीतला प्लग भोकात जाईना. कडेवर नुसता टकटक वाजत राहिला. इंजिन तासाभरापासून बंद होतं आणि माझा हात चालूच होता. मी मनात म्हटलं, जागा अडचणीची आहे, आणि सकाळच्या फेरीचे धक्के अजून अंगात आहेत. बायको बॅटरी धरून उभी होती. तिच्या हातातला उजेड जरासुद्धा हलत नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

पाचव्या-सहाव्या खेपेला प्लग लागला. पान्यानं आवळला, वायरी बसवल्या, सीट खाली टाकलं. चावी फिरवली मात्र, इंजिन असं सुरू झालं की मी गाडीतच टाळी वाजवली.

"चल, बस. चढावर दाखवतो तुला."

ती साडीला हात पुसत आली. पवनानगरच्या बाजूला चढ लागला. आठवड्यापूर्वी याच चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आचके देणारी गाडी तिसऱ्यावर सरळ चढली. मी बडबडत सुटलो. डॉक्टर काय करणार, हजाराचं औषध देणार, इथं चार प्लगांत काम झालं, असं काय काय. ती खिडकीबाहेर बघत "व्हय" म्हणत होती.

वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली आणि न्यूट्रल केली. इंजिन चालू होतं, पण चालू आहे हे कान देऊन ऐकावं लागत होतं. डॅशबोर्डवरच्या बाटलीतलं पाणी निवांत होतं. आरसा हलत नव्हता. सगळ्या केबिनमध्ये फक्त एक गोष्ट हलत होती, गिअरच्या दांड्यावरचा माझा डावा हात.

मी तो मांडीखाली घातला. मग मांडी हलायला लागली.

ती बघत होती. मला वाटलं आता म्हणेल, बघा, मी म्हनत नव्हते? पण ती तसं म्हणाली नाही, हळूच म्हणाली, "गाडी बंद करा."

बंद केली. तरी हात थांबला नाही. मला लाज वाटली. बायकोसमोर कसली लाज, पण वाटली. खाली दोन धोकादायक वळणं होती. तिला घेऊन ती उतरायची हिंमत माझ्यात नव्हती.

मेव्हण्याला फोन लावला. तो तिचा भाऊ, शेजारच्या वाडीतला, त्याचाही टेम्पो आहे.

"काय झालं दाजी?" तो म्हणाला. "गाडी बंद पडली का?"

"गाडीला काय बी झालेलं न्हाई," मी म्हणालो. "माझ्या हाताला झालंय. लवकर ये."