सुजाताताईची ऐंशी वर्षं

सुजाताताईवर मी लिहावं, एवढा काही मी तिचा कुणी नव्हतो. तिच्या घरी वरच्या खोलीत राहणारा, पाचोडहून शहरात शिकायला आलेला भाडेकरू. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, लिहिण्याची सवय नाही. तरी महिनाभर मनात तेच चाललंय, म्हणून... चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ताईला थॅलेसेमिया होता. लहानपणापासून दर तीनेक आठवड्यांनी रक्त चढवावं लागे. शाळेत शिकवायला लागल्यावर रजा मिळेना, म्हणून ती रविवारी उस्मानपुऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात जाऊ लागली. सोबतीला मी. दुपारभर खिडकीचा पडदा फुगायचा, बसायचा, नळीतून थेंब उतरत राहायचे आणि तिच्या फिकट गालांवर हळूहळू रंग यायचा. रक्त कुणाचं, ते कधी कळत नसे. "आजचा माणूस तिखट खाणारा दिसतो," ती डोळे मिटूनच म्हणायची, "मला मिसळ खावी वाटायलीय." कधी त्या माणसाला पोहता येत असे, कधी गाता. ऐकता ऐकता मी पेंगायचो... आपणच कुठंतरी पाण्यावर तरंगतोय असं वाटायचं.

एकदा काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मला खाली बोलावलं. "तू कॉमर्सवाला. हिचा पुढचा सगळा खर्च काढून दे. बिडकीनचा प्लॉट इकायचा का नाय, ते ठरवायचंय." रक्ताची पिशवी, रक्त गाळायचा फिल्टर, खाट, तपासण्या, सगळ्यांचे दर मी मांडले. सारखं रक्त चढवून अंगात साठणारं लोह काढायच्या गोळ्यांचा खर्च वेगळाच. शेवटी बेरजेला वर्षांनी गुणायचं होतं. किती वर्षं, हे कुणाला विचारणार? आमच्याकडच्या बाया ऐंशी गाठतातच, म्हणून मी तिलाही ऐंशीपर्यंत धरली.

आकडा बघून ताई हसत सुटली. "येड्या, ऐंशी? तवर दात तरी राहतील का माझे? दहाच वर्षं धर. प्लॉट वाचंल." मी खोडायला पेन उचललं, तर काकांनी माझा हात धरला. "ऐंशीच राहू दे," एवढंच म्हणाले. ताई मग हसली नाही. माझ्या हातातलं पेन घेऊन तिनं टोपण लावलं.

प्लॉट विकला. रविवार तसेच चालू राहिले... मग दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. आईसोबत बाजारात मेथीची जुडी निवडत होतो, तेव्हा काकांचा फोन आला. ताप आला होता, हृदयानं साथ दिली नाही, असं काहीतरी ते सांगत होते. "तुझी ताई गेली, बाळा." मग म्हणाले, "जेवून निघ. आता घाई नाय."