ओडेसा प्रुइटची बस

ओडेसा प्रुइटला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. रॉक्सबरी या बॉस्टनच्या काळ्या वस्तीतल्या आमच्या केसांच्या पार्लरमध्ये तिची खुर्ची माझ्या शेजारी. गिऱ्हाइकाचे केस सरळ करायला तापलेला कंगवा फिरवतानाही तिचं लक्ष रस्त्यावर असायचं. लहानपणी ती दक्षिणेत, कॅरोलायनात काळ्यांच्या शाळेत शिकली, गोऱ्या पोरांनी वापरून टाकून दिलेल्या फाटक्या पुस्तकांवर. आपल्या लेकीच्या नशिबी ते नको, म्हणून नवऱ्याला घेऊन ती बॉस्टनला आली. इथे तिची रेनेटा ज्या शाळेत जायची, तिथे फुटक्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले होते आणि प्रयोगशाळेला कायम कुलूप.

ओडेसा शाळा-समितीच्या बैठकांना जाऊ लागली. समितीवाले तिचं ऐकून घ्यायचे आणि घड्याळाकडे बघायचे. शेवटी, काळ्या पोरांना मुद्दाम वेगळ्या शाळांत ठेवतात म्हणून काही पालक कोर्टात गेले. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात निकाल लागला: काळी पोरं बसने गोऱ्यांच्या शाळांत जाणार, गोरी आमच्याकडे येणार. रेनेटाच्या वाट्याला गोऱ्यांच्या वस्तीतली टेकडीवरची शाळा आली. बसमध्ये पोरांसोबत मोठं माणूस हवं होतं. ओडेसाने ते काम घेतलं.

तिचा नवरा रॉस्को वैतागला. "पोरीला पाठवतेस ते पाठवतेस, वर स्वतःही निघालीस?"

"घरी बसून रेडिओवर बातम्या ऐकू म्हणतोस? वेड लागेल मला."

पहिल्या दिवशी टेकडीच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी होती. कडेवर पोरं घेतलेल्या बायकासुद्धा तोंडाला येईल ते ओरडत होत्या. परतताना दगड आले. ओडेसाने पोरांना सीटांच्या मधे खाली बसवलं, डोकी गुडघ्यांत घालायला लावली, आणि स्वतः खिडकीच्या बाजूला उभी राहिली. फुटलेल्या काचेने एका मुलीचा कान कापला. बाकी सगळे सुखरूप उतरले.

संध्याकाळी मी तिच्या केसांतल्या काचा वेचत होते. तिचा पाय सारखा हलत होता.

"उद्या जाणारेस?" मी विचारलं.

"गप्प काच काढ गं."

ती गेली. रोज गेली. हिवाळ्यापर्यंत दगड कमी झाले, पण शाळेत पोलीस आले, आणि गोऱ्यांनी पोरं पाठवणं थांबवल्याने वर्ग निम्मे ओस पडले. रेनेटा वाळत चालली. शाळेत एकटीने बाथरूमला जायची भीती, म्हणून दिवसभर पाणी पीत नसे. एकदा जेवताना ताट सारून म्हणाली, "आई, तू मला शिकायला पाठवलंस ना? कुठल्या जिन्यावर पोलीस असतो, एवढंच मी शिकले."

रॉस्कोने ओडेसाकडे पाहिलं. ती उठली, भांडी घासू लागली, घासलेलीच पुन्हा घासू लागली. मग तिने रेनेटाला कॅरोलायनात बहिणीकडे धाडलं. तिकडे एव्हाना काळी-गोरी पोरं एका वर्गात बसू लागली होती.

चर्चमध्ये टोमणे सुरू झाले. "लोकांची पोरं दगडांत, बाईसाहेबांची मावशीकडे," एक बाई तिला ऐकू जाईल असं म्हणाली. सगळ्यांना वाटलं, आता ही काम सोडणार. सोमवारी ओडेसा बसमध्ये हजर.

मी विचारलं, "आता कशाला?"

"रेनेटाचं जमलं नाही. पण बाकीची रोज चढतायत ना? त्यांना काय सांगू, माझी सुटली, तुमचं तुम्ही बघा?"

सत्त्याहत्तरमध्ये रेनेटा तिकडची शाळा पास झाली. समारंभाला ओडेसा बसने गेली. शेजारच्या खुर्चीत एक गोरी बाई बसली. तिने विचारलं, "तुमची कुठली?" ओडेसाने रेनेटाकडे बोट दाखवलं. त्या बाईनेही आपला मुलगा दाखवला, आणि दोघी उकाड्याबद्दल बोलत राहिल्या.

परत आल्यावर ओडेसा खूश असेल असं मला वाटलं होतं. ती धुमसत होती. "मी जिथून पळाले तिथे आता हे जमलं," ती म्हणाली. "मग इथे का नाही? काय जात होतं यांचं?"

सप्टेंबर आला. टेकडीच्या बसमध्ये नवी पोरं चढली, आणि ओडेसा त्यांना खिडक्यांपासून लांब बसवत आत फिरू लागली.