मौन मला जड गेलं नाही

रेवदंड्याच्या पुढे सुरूच्या बनाला लागून एक ध्यानकेंद्र आहे. तिथे मी दहा दिवस राहून आलो. पहिल्या संध्याकाळी मोबाइल, पेन, वही सगळं कापडी पिशवीत घालून जमा केलं. मग पंचशील घेतलं. खोटं बोलणार नाही, हे शील म्हणताना मला काहीच वाटलं नाही. खोटं मी आयुष्यात फारसं बोललेलोच नाही.

पहाटे घंटा, बैठक, नाश्त्याला उपमा, पुन्हा बैठक. संध्याकाळी चुरमुरे आणि एक केळं. कुणाशी बोलायचं नाही, नजर मिळवायची नाही, खूणसुद्धा नाही. शेजारच्या आसनावरचा माणूस सारखा घसा खाकरायचा. मी आरामात होतो.

पाचव्या दिवशी श्वासाकडे बघता बघता आमच्या मुरुडचा एसटी स्टँड दिसायला लागला.

अठरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला तळा गावचं स्थळ आलं होतं. मुलगा तिला पसंत होता, त्यांनाही ती. बैठकीच्या आधी मुलाच्या मामांनी मला स्टँडवर एकटं गाठलं. चहा सांगितला. म्हणाले, "भाऊ म्हणून विचारतो. मुलीचं मागे कुठे काय नाय ना?"

काहीच नव्हतं. मी समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिलो. मामा थांबले, कप खाली ठेवला, "समजलो" म्हणाले. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. "दादा, तुला काय बोलले का रे ते?" बहिणीने विचारलं होतं. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

त्या वर्षी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती आणि पनवेलच्या कंपनीत मला नुकतंच कायम केलं होतं. बहीण सासरी गेली असती तर मला घरी यावं लागलं असतं. एवढंच कारण. पुढेही स्थळं आली, पण तळ्याची गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली असायची. आईचं सगळं बहिणीनेच केलं. गेल्या वर्षी आई गेली. आता बहीण लॉजवाल्यांना जेवण पुरवते.

दुपारी आचार्यांना भेटता येतं. मी गेलो आणि सांगायला लागलो. दोन वाक्यांतच त्यांनी हात वर केला.

"ध्यानात काही अडचण?"

"नाही."

"श्वास कळतोय?"

"कळतोय."

"मग बसा जाऊन."

बरोबरच होतं. मला तिथे मोकळं व्हायचं होतं, कारण तिथलं कुणी मुरुडला जाऊन सांगणार नव्हतं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. घसा खाकरणारा निवृत्त कंडक्टर निघाला. "चौथ्या दिवशी मी नळाशी बोललो हो! तुम्ही माणूस हाय का दगड? घरचे नशीबवान तुमचे, एवढा शांत माणूस!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या सकाळी पिशवी परत घेतली आणि तिथूनच मुरुडला गेलो. बहीण मागच्या पडवीत कोलंबी सोलत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचे हात चालूच होते.

"म्हणजे आईसाठी गप बसलास," ती म्हणाली.

हो म्हणायला जागा होती. तिनेच करून दिली होती.

"आईसाठी नाही. माझ्या नोकरीसाठी."

हात थांबले. तिने विचारलं, "हे दहा दिवस गप बसून आठवलं व्हय?"

"आठवत होतंच."

"मग आता माझे दहा दिवस. यायचं नाय, फोन करायचा नाय. अकराव्या दिवशी ये. मी बोलेन आणि तू ऐकायचंस. तेव्हासारखं मान खाली घालून जेवत नाय बसायचं."

तिने कोलंबीचं भांडं उचललं आणि आत गेली.

उद्या अकरावा दिवस. मुरुडच्या पहिल्या गाडीने निघतो. काय बोलायचं ते मनाशी जुळवलेलं नाही. तिने विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच.